मदत हवी आहे : आईच्या स्वादुपिंडाला सूज, दुर्बिणीतून स्टेंट टाकायचा म्हणतात

नमस्कार मंडळी, आम्ही आर्णी तालुक्यातले. पित्ताशयातल्या खड्यांमुळे आईच्या स्वादुपिंडाला जबर सूज आली. इकडच्या दवाखान्यात ‘गॅस’ म्हणून आठ दिवस वाया गेले. आता पाचवा आठवडा. दोन घास वरण-भात खाल्ला की उलटी, संध्याकाळी ताप. सीटी स्कॅनमध्ये जठरामागे मोठी गाठ, आत सडलेला भाग. डॉक्टर म्हणतात, गाठीला आता भिंत धरली. पोट न फाडता तोंडातून दुर्बीण घालून जठरातून स्टेंट टाकू, घाण तिकडून निघेल. पित्ताशय नंतर काढायचं.

कोणाच्या घरी हे झालंय का? एकदाच भागलं, की आतलं साफ करायला पुन्हा पुन्हा दुर्बीण घालावी लागली? महात्मा फुले योजनेत स्टेंटचा खर्च बसतो का? सोयाबीन अजून घरातच पडून आहे, म्हणून विचारतो. नागपूरला सोमवारी निघतोय.