खातिन आणि कातिन एक नाही (रि: मिन्स्क ट्रिपचा प्लॅन)

काका नमस्कार,
प्लॅन वाचला, छान झालाय, फक्त दुसऱ्या दिवसाखाली "स्टालिनने पोलिश ऑफिसर मारले ते गाव" लिहिलंय तिथे घोळ आहे. ते कातिन, रशियात स्मोलेन्स्कजवळ, साल १९४०. तुम्ही चाललाय ते खातिन, बेलारूसमध्येच, मिन्स्कहून विटेब्स्कच्या हायवेने उत्तरेला पन्नास-साठ किलोमीटर आणि मग आत वळायचं. इंग्रजीत एका अक्षराचा फरक म्हणून सगळे गोंधळतात, पण आपण क आणि ख बालवाडीत शिकलोय, आपल्याला माफी नाही :)

२६ घरांचं गाव होतं हो, चारी बाजूंना जंगल. २२ मार्च १९४३ ला सकाळी जवळच्या रस्त्यावर पार्टिझन लोकांनी (जर्मन ताब्याविरुद्ध जंगलातून लढणारे गनिमी) जर्मन गाड्यांवर हल्ला केला, त्यात हान्स व्योल्के नावाचा अधिकारी मेला, तोच ज्याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये गोळाफेकीत गोल्ड मिळवलं होतं. पार्टिझन आदल्या रात्री खातिनमध्ये मुक्कामाला होते, जर्मनांना एवढं कारण पुरलं. सगळ्या गावाला एका कोठारात कोंडून आग लावली, जे बाहेर पळाले त्यांना गोळ्या. १४९ माणसं, त्यातली ७५ पोरं.

- - -

अगं बाई, चूक मान्य, दुरुस्त करून पाठवतो. पण गावच उरलं नाही तर तिथे बघायचं काय? आणि चालायचं किती, तुझ्या काकूचा गुडघा तुला माहितीये.

- - -

काका, गाव पुन्हा वसवलंच नाही, तेच बघायचं. १९६९ मध्ये स्मारक झालं. मी मिन्स्कला एमबीबीएसला असताना दोनदा गेले, दुसऱ्यांदा एकटी. प्रत्येक घराच्या जागी खालचा लाकडी चौकट-थर असतो ना तसा काँक्रीटचा, एक उघडं फाटक, आणि मध्ये धुराड्यासारखा खांब, वर घंटा. खांबावरच्या पाटीवर त्या घरातल्यांची नावं आणि पोरांची वयं. बारानोव्स्कींच्या घरात नऊ पोरं, वाचत खाली येता येता माझं बोट मध्येच थांबलं. घंटा दर अर्ध्या मिनिटाला एकदम वाजतात, पहिल्यांदा दचकायला होतं, नंतर आपण पुढच्या घंटेची वाट बघत चालायला लागतो, ते जास्त वाईट.

सुरुवातीलाच सहा मीटरचा पुतळा आहे, हातात मेलेला मुलगा. तो युझिफ कामिन्स्की, गावचा लोहार, वय ५६. भाजून बेशुद्ध पडला होता, रात्री शुद्धीवर आला तेव्हा मारणारे निघून गेले होते, पोरगा सापडला पण त्याच्या हातातच गेला. सात वर्षांचा व्हिक्टर झेलोब्कोविच आईच्या अंगाखाली राहिला म्हणून वाचला.

एक गोष्ट गाइड नेहमी सांगत नाही. हे करणाऱ्यांत जर्मन होतेच, पण त्यांच्या हाताखालच्या ११८ नंबरच्या पोलीस बटालियनमध्ये सोव्हिएत युक्रेनमधलेही बरेच होते. त्यातला ग्रिगोरी वास्युरा युद्धानंतर युक्रेनमध्ये राहिला, माजी सैनिक म्हणून सन्मानही घेतला, आणि १९८६ मध्ये मिन्स्कला खटला चालला, तोही फार गाजू न देता. तेव्हा सोव्हिएत काळात "फॅसिस्टांनी जाळलं" एवढंच सांगणं सोयीचं होतं, असं माझं मत.

शेजारीच जळालेल्या आणि पुन्हा न वसलेल्या १८५ गावांची दफनभूमी आहे, प्रत्येक गावाची माती तिथे आणलीय. माझ्या हॉस्टेलची मेट्रन तिथे एकाच गावासमोर उभी राहायची, कुठलं ते मी कधी विचारलं नाही.

काकूंना सांगा रस्ता सपाट आहे, पण उघडं मैदान, वारा फार, कानटोपी घ्या.