जुन्या वॅगन आरला एलईडी बल्ब बसवावेत का?

कोयनाकाठची

नमस्कार. माझी 2009 ची वॅगन आर आहे, पेट्रोल. मी पाटणला राहते, आई-बाबा चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट पाठ झालाय. शनिवारी काम आटपून निघेपर्यंत उशीर होतो आणि घाट उतरताना अंधार असतो, पावसाळ्यात वर धुकं. समोरून ट्रक आला की माझा उजेड दिसेनासाच होतो. तो गेल्यावर रस्त्याची डावी कड कुठे आहे ते शोधत गाडी न्यावी लागते. डिपरवर (जवळच्या, खाली पडणाऱ्या झोतावर) तर लाइट लागलेत की नाही तेच कळत नाही.

कराडला एका दुकानात विचारलं. ते म्हणाले एलईडी टाका, 20 हजार लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), वायर कापायची गरज नाही, जोडी 2200 रुपये. दाखवायला लावलेला बल्ब इतका लख्ख होता की मी पैसे काढलेच होते. मग ते म्हणाले, हेडलाइटच्या मागचं, पाणी अडवणारं रबर थोडं कापावं लागेल. तिथे मी थांबले.

सध्या मूळचेच एच4 (अप्पर म्हणजे लांबचा झोत आणि डिपर, दोन्ही एकाच बल्बमध्ये), 60/55 वॅटचे हॅलोजन आहेत. काचा पिवळट झाल्यात. घाटात रोज चालवणाऱ्यांनी किंवा हे काम करणाऱ्यांनी सांगा, घ्यावेत का?

डोंगरगाडी

माझ्या स्विफ्टला आहेत, गावात आणि हायवेला झकास. धुक्यात मात्र पुढे पांढरी भिंत उभी राहते. म्हणून घ्यायचेच तर पिवळ्या रंगाचे घ्या, पिवळा उजेड धुकं कापतो.

वायरिंगवाला सातारा

ताई, रबर कापायचं म्हटल्यावर थांबलात, बरं केलंत. साताऱ्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. दिवाळीच्या आसपास कोकणातून वर आलेल्या गाड्यांचे हेडलाइट उघडतो तेव्हा आत पाणी आणि रिफ्लेक्टरची चकाकी गेलेली. मागे पंखा असलेला एलईडी आत मावत नाही म्हणून कुणीतरी रबर कापलेलं असतं. शिवाय हॅलोजनच्या उष्णतेने काचेच्या आतला दमटपणा वाळतो, एलईडीची उष्णता मागच्या बाजूला जाते, काच गारच राहते. रिफ्लेक्टर एकदा काळा पडला की कुठलाही बल्ब लावा, अख्खा हेडलाइट बदलावा लागतो.

लुमेनचं म्हणाल तर तुमचा हॅलोजन अप्परला साधारण 1650 आणि डिपरला 1000 लुमेन देतो. एलईडी बल्ब वॅटमागे शंभरेक लुमेन देतो असं धरा. तो 25-30 वॅट ओढत असेल तर 20 हजार आणायचे कुठून? खोक्यावरचा आकडा वाचूच नका.

घाटात कामाला येतो तो जागेवर पडलेला उजेड. एच4 बल्ब जवळून बघा (काचेला बोट लावू नका, तेलकट डाग राहिला तर तिथेच तापून बल्ब जातो). आत दोन तारा दिसतील. पुढची तार डिपरची, तिच्याखाली पत्र्याची छोटीशी वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर जातो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. मागची उघडी तार अप्परची. रिफ्लेक्टर या तारांच्या जागेवर मिलिमीटरने बेतलेला असतो. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप असतात. पट्टी जाड असली किंवा चिप जराशी पुढे-मागे असली की झोताची वरची कड फाटते आणि उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालवणाऱ्याला वाटतं केवढा उजेड पडलाय, कारण बॉनेटपुढचा दहा मीटरचा रस्ता पांढराफेक झालेला असतो. डोळा त्याला सरावतो आणि पुढचं वळण आणखी काळं दिसतं. त्याच वळणावरून एसटी वर येत असते. तिच्या ड्रायव्हरला दोन सेकंद काही दिसलं नाही तर भोगायचं दोघांनी. यात मी तडजोड करत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

आधी काच. हेडलाइटभोवती मास्किंग टेप लावा, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून 800, मग 1500, मग 2000 नंबरने घासायचं. काच दुधाळ दिसेल, घाबरू नका, रबिंग पॉलिशने स्वच्छ होते. त्यानंतर ऊन सोसणारा क्लिअर कोट मारलाच पाहिजे, नाहीतर काच लवकरच पुन्हा पिवळी. टूथपेस्टने चमकवून देतात ते टिकत नाही.

मग व्होल्टेज, आणि याच्याकडे कुणी बघत नाही. इंजिन आणि लाइट चालू ठेवून मल्टीमीटर बॅटरीवर लावा, 13.8 ते 14.2 मिळायला हवेत. मग बल्ब जळता ठेवून होल्डरवर मोजा. इतक्या जुन्या गाडीत स्विचचे पॉइंट काळे पडलेले आणि अर्थिंग गंजलेलं असतं, मला होल्डरवर 12 च्या आतच आकडा मिळतो. व्होल्टेज 10 टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड साधारण 30 टक्के पडतो. म्हणजे बल्ब बदलायच्या आधीच तुमचा तिसरा हिस्सा उजेड वायरीत जिरतोय. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), अडीच एमएमची वायर, सिरॅमिक होल्डर आणि नवं अर्थिंग, एवढं केलं की करंट स्विचमधून न जाता थेट बल्बला पोचतो. त्यावर फिलिप्स किंवा ओसरामचा 60/55 चाच नवा बल्ब लावा. 90/100 चे नकोत, ते काच आणि होल्डर भाजतात.

शेवटी फोकस. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर माणूस बसलेला, गाडी सपाट जागी भिंतीपासून 5 मीटरवर. भिंतीवर हेडलाइटच्या मध्याची उंची खडूने आखा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या 5-6 सेंटीमीटर खाली हवी आणि डाव्या बाजूला जरा वर चढलेली. तुम्हाला रस्त्याची डावी कड सापडत नाही म्हणता, ती दाखवण्यासाठीच तो चढ दिलेला असतो. फोकस खाली बसला असेल तर नुसत्या स्क्रूने फरक कळेल.

डोंगरगाडी, पिवळा धुकं कापतो हे मीही वर्षानुवर्षं ऐकतोय. धुक्याचा थेंब इतका मोठा असतो की सगळे रंग जवळपास सारखेच उधळतो. पिवळ्याने डोळ्याला त्रास कमी होतो, ते खरं. तुमची पांढरी भिंत उभी राहते ती वर उधळलेल्या उजेडामुळे. धुक्यात डिपर आणि बंपरमध्ये खाली बसवलेले, आडवा पसरट झोत टाकणारे फॉग लॅम्प, याला पर्याय नाही.

कायद्याचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये. रिफ्लेक्टरमधले एलईडी भिंतीवर धरले की बहुतेक तिथेच नापास होतात.

नेकारकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथे 2020 पर्यंत हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालून रस्त्यावर जायला परवानगीच नव्हती. त्या वर्षी ओसरामच्या एच7 (एच4 पेक्षा वेगळा प्रकार) एलईडी बल्बला पहिल्यांदा मंजुरी मिळाली, तीही यादीतल्या ठरावीक मॉडेलपुरती. हेडलाइटवरचा मंजुरी क्रमांक यादीशी जुळवावा लागतो. तोच बल्ब यादीत नसलेल्या गाडीत लावला तर बेकायदा. वायरिंगवाले म्हणतात ते पटतं, बल्ब आणि रिफ्लेक्टर जोडीनेच तपासायला हवेत.

कोयनाकाठची

दादा, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. काचा आणि फोकस या शनिवारच्या आत करून घेते. रिलेचा तयार सेट ऑनलाइन दिसतोय, नुसता खोचायचा. तो मागवू का, की वायरिंग हातानेच करून घेऊ?

वायरिंगवाला सातारा

तयार सेट चालतो, पण मागवण्याआधी एक तपासा. जपानी पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत होल्डरच्या समाईक (अप्पर-डिपर दोघांच्या) पिनवर प्लस कायम असतो आणि स्विच मायनस जोडतो-तोडतो. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावा, टोक समाईक पिनला टेकवा. दिवा लागला तर तुमचं वायरिंग तसंच आहे. मग ज्या सेटमध्ये रिलेच्या कॉइलची (रिले चालू करणाऱ्या तारेच्या गुंडाळीची) एक वायर थेट बॉडीला दिलेली असते तो चालणार नाही, रिले ओढणारच नाही. कॉइलच्या दोन्ही वायरी जुन्या होल्डरच्या खोबणीत जातात आणि रिलेत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नाही असा सेट बघा. लाल वायर बॅटरीपर्यंत नेताना एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात.