मालवाहू सायकलच्या स्टिअरिंगसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबांच्या भाजीच्या गाळ्यासाठी पुढे पेटी असलेली सायकल बनवतोय. मागचा भाग जुन्या अ‍ॅटलसचा, २८ इंची. पुढे मुलांच्या सायकलचं २० इंची चाक, मध्ये चौकोनी पाइप. सगळं जुन्या बाजारातलं, पण वेल्डिंग पक्कं झालंय.

अडचण हँडलची. चाक पेटीच्या पुढे, म्हणून हँडलपासून चाक धरणाऱ्या फोर्कपर्यंत खालून लोखंडी दांडा नेलाय. दोन्ही टोकांना साधे नट-बोल्ट. घट्ट आवळले की हँडल जाम, सैल सोडले की खेळ राहतो आणि उतारावर चाक थरथरतं. तिथे बॉल जॉइंट (गोळीवर सगळीकडे फिरणारे सांधे) बसवले तर भागेल का? कुठल्या गाडीचे घेऊ?

शिवाय ५०-६० किलो मालाला जुने रॉडचे ब्रेक मला अजिबात भरवशाचे वाटत नाहीत. पुढच्या चाकाला डिस्क किंवा ड्रम ब्रेक कुणी बसवलाय का? फोटो असेल तर जरूर टाका.