मदत हवी आहे: संत्र्यांच्या भावांची एक्सेल फाइल सरळ करायची आहे

नमस्कार मंडळी, नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या भावांची फाइल पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी) घेतली आहे. तारखा आडव्या, डावीकडे आंबिया आणि मृग बहार (संत्र्याचे दोन हंगाम), तेही मर्ज केलेल्या सेलमध्ये. ते एफफिलने खाली भरले, तारखा मेल्टने उभ्या केल्या, इथवर ठीक. पण भावाच्या सेलमध्ये कुठे ‘२४००-३१००’, कुठे ‘२४०० ते ३१००’, तर कुठे नुसतं ‘बंद’. (देवनागरी आकडे पायथनचं इंट फंक्शन वाचतं, ती चिंता नाही.) किमान आणि कमाल असे दोन कॉलम हवेत. त्यासाठी पांडाजच्या एक्स्ट्रॅक्टला रेगेक्स (मजकुरातून हवा तो भाग शोधायचा नमुना) कोणता देऊ? ‘बंद’ची ओळ काढू की ठेवू? मला ठेवावीशी वाटते. नाहीतर बाजार बंद होता की नोंदच राहिली, कळणार कसं? हाताने करायचं मात्र सुचवू नका बाप्पा, दर महिन्याला नवी फाइल येते.