आई-बाबांना घेऊन स्टॉकहोम–हेलसिंकी बोट: परवडेल का, आणि आईला बोट लागेल का?

देवगडची लेक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं स्टॉकहोमजवळच्या शिस्त्यात राहतो. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आलेत आणि घरात बसून आता कंटाळलेत. वासा जहाजाचं म्युझियम झालं, गामला स्तान म्हणजे जुनं शहर तीनदा झालं, आयकिया तर बाबांना तोंडपाठ आहे. पॅरिस-रोम या खेपेला बजेटात बसत नाही. ऑफिसातली स्वीडिश मंडळी सारखी 'क्रीसनिंग'ला जातात, म्हणजे फिनलंडच्या बोटीने जाऊन-येऊन दोन रात्री. म्हणून विचारते:

चौघांचं खरंच स्वस्तात होतं, की तिकीट स्वस्त आणि आत गेल्यावर खिसा कापतात? आई शाकाहारी, शिवाय एसटीच्या घाटातसुद्धा तिला लागतं. दोघांचा व्हिसा सिंगल एंट्री आहे, समुद्रात गेलं म्हणजे 'बाहेर गेलं' असं तर नाही ना धरत? आणि बाबा. ते देवगडचे. लहानपणी मुंबईला बोटीनेच जायचे. 'रामदास' त्यांच्या जन्माआधी बुडाली, पण त्यांच्या आजीने ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की बोट म्हटलं की आधी तेच निघतं. आता त्यांनी कुठेतरी बुडालेल्या 'एस्टोनिया' बोटीबद्दलही वाचलंय. त्यांना काय सांगू?

सोलनाकर

अकरा वर्षांत सात-आठ वेळा गेलोय. कधी पाहुण्यांना घेऊन, कधी ऑफिसबरोबर, एकदा बायको माहेरी गेली म्हणून एकटाच. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं. ही बोट स्वस्त का, ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. इथे स्वीडनमध्ये कडक दारू विकत घ्यायची तर जवळजवळ फक्त सरकारी दुकानात. ते शनिवारी तीनला बंद होतं, रविवारी उघडतच नाही. वाटेतली ऑलंड बेटं फिनलंडची, युरोपियन युनियनमध्येही आहेत, पण युनियनच्या कर-क्षेत्राबाहेर. 1999 मध्ये युनियनच्या आतल्या प्रवासाचा टॅक्स-फ्री धंदा बंद झाला. पण बोट ऑलंडच्या बंदराला लागून गेली की टॅक्स-फ्री चालतं. म्हणून या बोटी मध्यरात्री, काळं कुत्रं उतरत नाही अशा वेळी, मारिएहाम्न नाहीतर लोंगनेसला थांबतात. केबिनच्या भाड्यावर कंपनीचं पोट नाही. पोट आहे ते बाटल्यांवर, चॉकलेटांवर आणि बुफेवर. तुम्ही चौघं दारू पिणारे नसाल तर पिणाऱ्यांच्या जिवावर समुद्र बघून याल, एवढाच हिशेब.

भाडं केबिनचं असतं, माणशी नाही. गेल्या सप्टेंबरात चौघांच्या बिनखिडकीच्या केबिनला जाऊन-येऊन आम्ही चौदाशे क्रोनर दिले. तीच केबिन शुक्रवारी निघणाऱ्या बोटीवर दुपटीच्या वर दाखवत होती. तेव्हा तुमचा वीकेंड रविवार-सोमवार धरा. रविवारी संध्याकाळी निघायचं, सोमवारी दिवसभर हेलसिंकी, मंगळवारी सकाळी परत. नवऱ्याला सुट्टी नसेल तर मंगळवारी तो बंदरावरून थेट ऑफिसला जाईल, मी गेलोय. पैसे वाचतात हे आहेच, पण शुक्रवारी रात्री बोटीवर जो धिंगाणा असतो तो आई-बाबांना दाखवण्यासारखा नाही. पहाटे तीनला पॅसेजमध्ये कोणीतरी आपली केबिन शोधत दहा दारं ठोठावतो. त्यातलं एक तुमचं असतं.

सगळ्यात स्वस्त केबिन गाड्यांच्या डेकच्या खाली असते. तरुण असाल तर घ्या. आई-बाबांना नको. अरुंद जिने, इंजिनाची घरघर, आणि आपण पाण्याच्या पातळीखाली झोपलोय हे बाबांना कळलं तर संपलंच. वरच्या मजल्यावरची बिनखिडकीची घ्या. खिडकीचे जास्त पैसे देऊ नका, जागेपणी कोणी केबिनमध्ये बसत नाही.

बोट लागण्याचं. पहिले तीन-चार तास तुम्ही बेटांच्या मधूनच जाता, पाणी तलावासारखं असतं. पुढे ऑलंडचा समुद्र लागतो, तो उघडा, पण तोवर माणसं जेवून झोपायला जातात. उन्हाळ्यात मला आजवर काही जाणवलेलं नाही. नोव्हेंबरात एकदा मात्र ग्लास टेबलावरून आपणहून चालत निघाला होता. तुम्ही जुलैत जा. केबिन बोटीच्या मध्यावर मागा, टोकाला नको.

व्हिसाचं टेन्शन घेऊ नका. फिनलंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश), ऑलंडही. ही दोन शेंगेन बंदरांमधली नेहमीची फेरी आहे, तिने एंट्री वापरली जात नाही. फक्त व्हिसा सगळ्या शेंगेनसाठी आहे ना, ते स्टिकरवर बघा. पासपोर्ट बरोबर हवाच, तुमचं परमिट कार्डही.

बाबांना काय सांगायचं? खरं ते सांगा. 'एस्टोनिया' 28 सप्टेंबर 1994 च्या पहाटे तालिनहून स्टॉकहोमला येताना बुडाली. 852 माणसं गेली. वादळात पुढच्या तोंडाचं झाकण तुटलं आणि गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं. त्यानंतर अशा बोटींच्या बांधणीचे नियम कडक झाले. गाड्यांच्या डेकवर पाणी आलं तरी बोट सरळ राहिली पाहिजे यावर जो करार झाला, त्याला 'स्टॉकहोम करार' म्हणतात. वासा म्युझियमच्या शेजारीच त्या माणसांची नावं कोरलेलं स्मारक आहे. 'रामदास' गेली 17 जुलै 1947 ला, ऐन गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना. सहाशेहून जास्त माणसं होती आणि किनारा दिसत होता. ज्यांच्या घरात ती गोष्ट आहे त्यांना 'काही होत नाही हो' म्हणून गप्प बसवू नये. बोटीवर चढल्या चढल्या लाइफ जॅकेट कुठे आहेत ते दाखवा. माझ्या सासऱ्यांना मी तसंच दाखवलं होतं, मग ते निवांत झोपले.

उप्सालाचा पुणेकर

याला क्रूझ म्हणू नका, एवढीच विनंती. हा वरती कार्पेट घातलेला ट्रकचा तराफा आहे. नाचणारे म्हातारे, बिंगो, सगळीकडे परफ्यूमचा वास. दोनदा गेलो, दोन्ही वेळा बायकोने सामोसे नेले होते म्हणून जगलो. सोलनाकरांचा हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात त्यांनी परतीच्या दिवशी 'स्वस्त मिळतंय म्हणून' घेतलेल्या चॉकलेटचे पैसे धरलेले नाहीत.

सोलनाकर

धरले नाहीत कारण मी ते बायकोला सांगितलेले नाहीत.

नाक्यावरची नाका

(नाका हे गाव आहे, आमच्याकडे हा विनोद आधीच होऊन गेलाय.)

शाकाहारी आईसाठी सांगते. बुफे बघायला भव्य असतो, पण अर्धा हेरिंग आणि सामन. त्यात बीअर-वाइनचे नळ, तेही बुफेच्या पैशात, म्हणजे तुमच्या आई दुसऱ्याच्या वाइनचे पैसे भरणार. माझ्या सासूबाईंनी माणशी चारशेच्या वर मोजून उकडलेला बटाटा, चीज आणि पाव खाल्ला आणि पुढची दोन वर्षं तो बटाटा आम्हाला ऐकवला. एक रात्र बुफे चौघांत दोघांनीच घ्या, नाहीतर कॅफेत बसा. दशम्या, तिखट शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं नीट बांधून न्या. केबिनमध्ये बसून खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही. विजेची किटली मात्र लावू देत नाहीत, तेव्हा थर्मास भरून न्या. पहाटेचा चहा नाही म्हटल्यावर आपली माणसं कशी होतात ते तुम्हाला माहीत आहे. लागू नये म्हणून आलेपाक.

आणि फोन! बोट उघड्या समुद्रात गेली की फोन बोटीवरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो. ते युरोपच्या रोमिंगमध्ये येत नाही. माझ्या फोनने रात्रभर गुपचूप फोटो वर चढवले आणि पुढच्या महिन्याचं बिल बघून नवऱ्याने ते फ्रिजवर लावलं. चढल्या चढल्या चौघांचे फोन फ्लाइट मोडवर.

देवगडची लेक

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. जुलैच्या पहिल्या रविवारची केबिन घेतली. सीझन म्हणून एकवीसशेला पडली, तरी चौघांत दोन रात्री आणि एक देश. आल्यावर लिहिते.

देवगडची लेक (जाऊन आल्यावर)

आलो एकदाचे. वचन दिलं होतं म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आईचं आधी सांगते, कारण काळजी तिचीच होती. तिला काहीही झालं नाही. आलेपाक बाबांनीच संपवला. दशम्या हिट. नाकाताईंचा थर्मास सल्ला म्हणजे देवदूतच. हेलसिंकीला बंदराजवळच तो बाजार आहे, तिथे मटाराच्या शेंगा आणि स्ट्रॉबेऱ्या किलोवर नाही, लिटरवर विकतात. लाकडी-पत्र्याचं माप, वर शीग. आई तिथे जी थांबली ती हलेना. "अगो, हे मापट्यान देतत!" म्हणाली. दोन लिटर शेंगा घेतल्या आणि सुओमेनलिन्नाच्या किल्ल्यात गवतावर बसून कच्च्या सोलून खाल्ल्या, तशीच खायची पद्धत आहे म्हणे. बाबा सिंधुदुर्ग-विजयदुर्गवाले, त्यांनी तटबंदी हाताने चाचपून बघितली. 1748 ला बांधायला घेतलेला किल्ला म्हटल्यावर "हो तर काल-परवाचो" एवढाच शेरा. खर्च: तिथली फेरी, वेलचीचे पाव, कॉफी. संपलं.

सकाळी एक घोटाळा झाला तो सांगून ठेवते. फिनलंडची वेळ तासाने पुढे. फोन फ्लाइट मोडवर, म्हणून ते स्वीडनच्याच वेळेवर अडकलेले. आम्ही आरामात आवरून बाहेर येतो तर लोक बॅगा घेऊन रांगेत उभे आणि नाश्ता बंद. हातातलं घड्याळ रात्रीच पुढे करून झोपा.

आता बाबा. बंदरात बोट बघितल्यावर मान मागे टाकून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही खयची बोट? हो तर आख्खो वाडो पाण्यार सोडलेलो!" लाइफ जॅकेट दाखवली. त्यांनी पेटीवरची संख्या वाचली, मनात कसलातरी गुणाकार केला आणि मान हलवली. मग जे डेकवर गेले ते साडेदहापर्यंत खाली आले नाहीत. ऊनच जात नव्हतं. ऑक्सड्यूपेट म्हणून एक चिंचोळी जागा आहे, तिथे एवढी मोठी बोट दोन किनाऱ्यांमधून सुई ओवल्यासारखी जाते. लाल घराच्या धक्क्यावर एक माणूस कप घेऊन बसला होता. बाबांनी हात केला, त्याने कप वर केला.

डेकवर ते बोलत होते ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे बोटीच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण विनोदी तेवढ्याच. धक्क्यावर दार उघडलं की आजोबा वळकटी घेऊन धावायचे, डेकवर पसरली की जागा आपली. मग आजूबाजूला आंब्याच्या नाहीतर कसल्या पेट्या, कोंबड्या, ओकणारी माणसं. देवगडला बोट धक्क्याला लागायचीच नाही, बाहेर उभी राहायची. काळोखात पडाव येऊन चिकटायचे आणि तांडेल मुलांना वरच्यावर झेलून घ्यायचे. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे मुंबईला गेलेला माणूस मिरगाआधी आला नाही तर थेट नारळी पुनवेनंतरच.

आणि मध्यरात्री काय झालं. केबिनमध्ये मिट्ट काळोख. मला जाग आली ती इंजिनाचा सूर खाली गेला म्हणून, आणि बघते तर बाबा उठून बसलेले. दिवा लावला. ते चादरीची घडी घालत होते. चांगली, चारही कोपरे जुळवून, वळकटीसारखी गुंडाळत. मी म्हटलं, बाबा, काय करताय? ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग चादरीकडे. "बोट हळू झाली," म्हणाले. "माका वाटला देवगड इला."

ऑलंड होतं ते. बाराच्या सुमाराला. दोघं वर गेलो. डेकवर आम्ही दोघंच आणि एक सिगरेटवाला. खाली दोन-तीन ट्रक चढले, एक सायकलवाली बाई उतरली, दोर सुटले. बाबांनी विचारलं, एवढ्यासाठी थांबली? मी सोलनाकरांचं करांचं सगळं पुराण सांगितलं. ते इतके हसले की सिगरेटवाल्यानेही बघितलं.

उप्सालाकर, परफ्यूमचा वास खरा आहे. बिंगोही होता. आईने खेळून बघितला, आकडे स्वीडिशमध्ये म्हणून हरली असं तिचं म्हणणं.

एक शेवटचं. बाबा कालपासून विचारतायत: केबिन न घेता नुसतं डेकचं तिकीट मिळतं का?

सोलनाकर

मिळतं. स्टॉकहोमहून फिनलंडच्याच तुर्कू बंदराला जायला सकाळी आठच्या आसपास जी बोट सुटते तिला दिवसाचा प्रवास असतो, केबिन न घेता जाता येतं. दिवसभर बेटंच बेटं. वळकटी मात्र पसरू देणार नाहीत.