नॅचरल वाईनबद्दल कुणाला माहिती आहे काय? (आणि अथणीच्या द्राक्षांची होईल काय?)

टिळकवाडीकर
मंडळी, पणजीत एका दोस्तानं जॉर्जिया देशाची वाईन पाजली, पांढऱ्या द्राक्षांची पण रंग बिनदुधाच्या चहासारखा, जरा गढूळ नि तुरट, आधी वाटलं खराब झालीय की काय, मग दुसरा ग्लास मीच मागून घेतला. तेव्हापासून यावरच वाचायलोय. सगळीच वाईन द्राक्षाची असते की, मग हीच नॅचरल कशी? आणि अथणी, विजापूरला एवढी द्राक्षं पिकतात, आपल्याकडं कुणी अशी करत नाही काय?

खडेबाजार_काका
तू प्यालास ती क्वेव्रीतली असणार. क्वेव्री म्हणजे मातीचा भलामोठा रांजण, आतनं मधमाशीचं मेण लावलेला, तोंडापर्यंत जमिनीत पुरलेला. युनेस्कोनं 2013 साली ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली, आणि तिथल्या उत्खननात इसवी सनापूर्वी 6000 च्या सुमारच्या खापरांत वाईनचे अंश सापडलेत. म्हणजे फॅशन वगैरे काही नाही ही. नेहमीच्या व्हाइट वाईनला रस पिळला की सालं बाजूला, इथं सालं-बियांसकट पाच-सहा महिने रांजणातच, म्हणून रंग नि तुरटपणा.
नॅचरल म्हणजे बाहेरनं यीस्ट घालायचं नाही, सालीवरचं नि हवेतलं असतं त्यावरच आंबवायचं, गाळायचं नाही, सल्फाइट (वाईन टिकवायला घालतात ते) नाही नाहीतर नावापुरतं. फ्रान्समध्ये 2020 पासून याचं एक लेबल आहे, त्यात लिटरला 30 मिलीग्रॅमच्या आत सल्फाइट चालतं, साध्या ड्राय व्हाइटला युरोपात 200 पर्यंत मुभा आहे. फरक बघ. पण नॅचरल लिहिलं म्हणून चांगलीच असं नाही हं, काही बाटल्या निव्वळ शिरका असतात, आणि वर त्यालाच कॅरेक्टर म्हणायचं!

कॅम्पातली_ताई
आमच्या शेजारच्या मावशी ख्रिसमसला बरणीत करतात की, द्राक्षं, साखर, मूठभर गहू, दालचिनी. ती पण नॅचरलच की मग?

खडेबाजार_काका
ताई, चवीला भारी, पण साखर, गहू असं बाहेरचं घातलं की या हिशोबात बसत नाही. आणि टिळकवाडीकर, कर्नाटकात दारू गाळायला, वाईन करायला एक्साइजचं लायसन्स लागतं, घरात रांजण पुरायच्या आधी ते बघ. गोव्यातनं बाटल्या आणतानापण परमिटचं बघून आण, घाटात चेकिंग असतं.

अथणीचा_बागायतदार
मी द्राक्षवाला, वाईन काय पीत नाही, पण थोडं सांगतो. आमच्याकडं बहुतेक थॉमसन, सोनाका अशीच, बेदाण्याला नाहीतर खायला. बिनबियांची, पातळ सालीची, मग तो तुरटपणा येणार कुठनं? बेदाण्याचा माल तर पोटॅशियम कार्बोनेट नि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून मग शेडमध्ये वाळवतात, तो तुमच्या कामाचाच नाही. दुसरं, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी, मग भुरी, दोन्ही बुरशीचे रोग, फवारणीशिवाय बाग हातात राहत नाही. बुरशीनाशक मारून मारून सालीवर तुमचं यीस्ट राहतंय कुठलं? आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चात, ऊन चढत असतंय, जॉर्जियाकडं तोडणी थंडी सुरू व्हायच्या टायमाला असतंय. रस उन्हाळ्यात आंबला तर काका म्हणतात तो शिरकाच होणार.

टिळकवाडीकर
अण्णा, म्हणूनच तर जमिनीत पुरतात की, माती गार ठेवते! वाईनच्या जाती लावलेलं कुणी ओळखीत आहे काय, फवारणी कमी करणारं? लायसन्सवाल्या वायनरीकडनं थोडी करून घेता येईल काय, रांजणाचा खर्च मी करतो.

अथणीचा_बागायतदार
जतकडं एक पाहुणा आहे, बोर्डो (मोरचूद नि चुन्याचं मिश्रण) नि गंधकाच्या फवारणीवरच भागवतो, लोक त्याला येडा म्हणतात. जात कसली ते विचारून सांगतो. पण रांजण फुटला तर तुमचा, द्राक्षाचे पैसे आधीच.

कॅम्पातली_ताई
चाखायला मावशींना बोलवा, त्या खोटं कौतुक करत नाहीत.