१०६० वरून ४०६० : मेमरी बस कमी का?

प्रश्न: २०१७ पासून जीटीएक्स १०६० (६ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड) वापरतोय, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आरटीएक्स ४०६० घ्यावं म्हणतोय, पण त्याची बस (चिप आणि मेमरीमधला डेटाचा रस्ता) १२८ बिट, माझ्या जुन्याची १९२! नवं घेऊन मागे जायचं का?

उत्तर: नुसती बस बघू नका. मेमरीचा वेग दुपटीहून जास्त आहे, त्यामुळे बँडविड्थ, म्हणजे एकूण डेटा वाहायची क्षमता, सेकंदाला १९२ वरून २७२ जीबी होते. एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) तर दीड एमबीवरून थेट २४!

उत्तर: मदरबोर्ड कोणता? ४०६० ला मदरबोर्डशी डेटा नेआण करायला आठच लेन आहेत, जुन्या बोर्डवर त्या कमी पडू शकतात.

प्रश्नकर्ता: जुना, पीसीआयई ३ वाला (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी). कालच फोर-के टाइमलाइनवर सहाही जीबी भरले, हळदीच्या शॉटवर प्रीव्ह्यू गोठला.

उत्तर: मग १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० बघा. १९२ बिट, सोळा लेन. एकच अडचण, त्याला १७० वॅट लागतात, तुमच्या १०६० ला १२० पुरायचे. आधी पॉवर सप्लाय तपासा.